"मॅडम, मला तत्त्वज्ञान जमणारच नाही"

"थेलीज म्हणाला पाणी, अ‍ॅनॅक्सिमेनीस म्हणाला हवा, हेराक्लायटस म्हणाला अग्नी. पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी कोण काय म्हणालं ते सगळं उलटसुलट. मॅडम, मी विषयच चुकीचा घेतला का?"

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची ही विद्यार्थिनी (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत) प्राचीन ग्रीक विचारवंतांवरच्या चाचणीत नापास झाल्यावर आली. झोप, जेवण, घरचं वातावरण ठीक होतं. मग तिची वही पाहिली. दोन रकान्यांचा तक्ता: डावीकडे विचारवंताचं नाव, उजवीकडे मूलतत्त्व, म्हणजे त्याच्या मते सगळं जग मुळात कशाचं बनलंय ते. उत्तरं सगळी होती, प्रश्न एकही नव्हता. अशी सुटी उत्तरं कुणाच्याही डोक्यात एकमेकांत मिसळतात. स्मरणशक्ती कमी आहे असं ती उगाच धरून बसली होती.

तक्त्यात दोन रकाने वाढवायला सांगितले: "आधीच्याचं कुठे अडलं?" आणि "हा कारण काय देतो?" थेलीजचं कारण अ‍ॅरिस्टॉटल अंदाजाने देतो: सर्वांचं पोषण ओलं असतं, बीजही ओलं. पण मूळ पाणीच असेल, तर पाण्याच्या उलट असलेली आग टिकली कशी? ही अडचण धरली की अ‍ॅनॅक्सिमँडरचं 'अपायरॉन', म्हणजे अमर्याद, ठरावीक गुण नसलेलं मूळ, पटकन समजतं. अ‍ॅनॅक्सिमेनीससाठी तिला तळहात तोंडासमोर धरायला लावला. ओठ आवळून फुंकर मारली, गार लागली. तोंड उघडून 'हाऽ' केलं, ऊन लागलं. हे निरीक्षण प्लुटार्क या नंतरच्या ग्रीक लेखकाने अ‍ॅनॅक्सिमेनीसच्या नावावर नोंदवलंय. हवा दाबली गेली की गार, सैल झाली की ऊन. घट्ट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड. विरळ झाली की अग्नी. फुंकरीचं स्पष्टीकरण आज चूक ठरतं, पण एकाचं दुसरं कसं होतं याची रीतच त्याने सांगितली. ती ओळ तिने स्वतःच्या शब्दांत लिहिली.

दुसरी चूक जास्त महागात पडत होती. "एकाच नदीत दोनदा पाय टाकता येत नाही" हे तिने अवतरणात, हेराक्लायटसचे शब्द म्हणून लिहिलं होतं. ही मांडणी प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादातली. हेराक्लायटसचं स्वतःचं मानलं जाणारं वचन असं: त्याच नद्यांत उतरणाऱ्यांवर वेगवेगळं पाणी वाहत येतं. म्हणजे नदी तीच, पाणी नवं! अर्थच बदलला. हर्मान डील्स या जर्मन अभ्यासकाने 1903 साली या विचारवंतांच्या लेखनाचे उरलेले तुकडे एकत्र छापले. त्याच्या क्रमांकांत 'ए' म्हणजे इतरांनी सांगितलेलं, 'बी' म्हणजे मूळ शब्द. वहीत प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने ए किंवा बी लिहायचं ठरलं.

रोज एकच विचारवंत: 25 मिनिटं वाचन, 10 मिनिटं वही मिटून लेखन, तीन दिवसांनी पुन्हा तेच लेखन.

गाडी अडली पार्मेनायडीसपाशी. तो म्हणतो, बदल मुळात होतच नाही. समासात तिने लिहिलं होतं, "बदलच नाही? काहीतरीच!" इथे बरेच जण अडतात, कारण निष्कर्ष आधी वाचतात. तिला फक्त पायऱ्या लिहायला सांगितल्या. जे नाही, त्याचा विचार करता येत नाही. नवं काही उपजायचं तर ते 'नाही'तून उपजलं पाहिजे. शिवाय ते आधी न उपजता नंतरच का उपजावं? म्हणून उपजणं नाही, आणि त्याच न्यायाने नष्ट होणंही नाही. "यातली कोणती पायरी तू नाकारशील?" यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग एम्पेडोक्लीसची चार मुळं (माती, पाणी, हवा, अग्नी) आणि अ‍ॅनॅक्सगोरसचं 'सर्वांत सर्व' (प्रत्येक वस्तूत सगळ्याचा अंश) तिला आपोआप समजलं: दोघांनी 'शून्यातून काही येत नाही' हे मान्य केलं आणि बदल म्हणजे मिसळणं-सुटणं, असं म्हटलं.

चौथ्या भेटीत तिने तक्ता दाखवलाच नाही. बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, डेमोक्रिटस म्हणतो, जग म्हणजे अणू आणि पोकळी. ही पोकळी म्हणजे 'जे नाही' तेच ना? मग ते आहे असं म्हणून त्याने पार्मेनायडीसची पहिलीच पायरी नाकारली की!"