शुक्रवारची वेणी, कडब्याचं छप्पर
(वाचकांचे प्रश्न: बालवाडी)

गेल्या अंकात ज्यू बालवाड्यांतल्या हातकामाबद्दल छोटी माहिती दिली होती. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, शब्बाथ. तो शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो. म्हणून शुक्रवारी सकाळी बालवाडीत मुलं वेणीसारखा पाव वळतात, दानाच्या डब्यात नाणं टाकतात आणि घरी नेण्यासाठी रुमाल रंगवतात. ते वाचून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ताईंची बरीच पत्रं आली. त्यातली निवडक.

वेणीचा पाव मुलांकडून करून घेतला. पीठ लाटलं की आखडतं, वेणी सुटते आणि वर्गात आंबूस वास राहतो. काय चुकलं? दूध घातलं तर मऊ होईल का? (चोपडा)

आधी नाव. हिब्रूतला पहिला उच्चार घशातून येतो, म्हणून मराठीत ‘खल्ला’ लिहिलेलं बरं. ‘हल्ला’ म्हटलंत तर मुलं खरंच करतील.

दहा-अकरा मुलांसाठी प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी २४० मिली, तेल ६० मिली, साखर ५० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, कोरडं यीस्ट ७ ग्रॅम, म्हणजे लहान चमचे दोन. दूध नको. मांस आणि दूध एका जेवणात खायचं नाही हा ज्यूंचा नियम, आणि पाव तर दोन्ही जेवणांना लागतो. म्हणून तो तेलातच मळतात. मऊपणा दुधाने नाही, मळण्याने येतो. परातीत दहा मिनिटं मळा. मुलं दोन मिनिटांत दमतात, म्हणून पाच जोड्या करा आणि परात फिरवत ठेवा.

आखडण्याचं कारण चिवटपणा. मैदा मळला की त्याला रबरासारखा ताण येतो. गोळे करून ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवा, मग वळा. दुसरी चूक बहुतेक सगळ्यांची होते: पाटावर पीठ भुरभुरणं. पिठावर दोरी घसरते, वळत नाही. पाट कोरडा, हाताला तेलाचा थेंब, एवढं पुरे. ७५ ग्रॅमच्या गोळ्याचे तीन भाग आणि प्रत्येकाची वीतभर दोरी, मधे जाड आणि टोकांना बारीक.

वेणी सुटते ती टोकाशी. शेवटी तिन्ही टोकं चिमटून खाली दुमडा, पाव त्यांच्यावर बसला पाहिजे. आणि फार घट्ट विणू नका. फुगायला जागा मिळाली नाही की पाव मधेच फाटतो. चार वर्षांच्या मुलाकडून तीन पेडांची अपेक्षा धरू नका. त्याला दोन दोऱ्यांचा पीळ द्या. पाच-सहा वर्षांच्या मुली बहुधा आईकडे बघून वेणी शिकलेल्या असतात, त्या मुलांना शिकवतील.

आंबूस वास म्हणजे पीठ जास्त फुगलं. पुस्तकातला ‘दीड तास’ थंड मुलखातला आहे. मार्च-एप्रिलच्या खान्देशी उन्हात ३५ ते ४० मिनिटांत पीठ दुप्पट होतं. पाणी माठातलं घ्या, यीस्ट दीड चमचा करा. बोट रुतवून पाहा: खळगा हळूहळू भरत आला तर वेळ झाली, भरलाच नाही तर उशीर झाला. डिसेंबरातल्या सकाळी याच्या उलट, तेव्हा कोमट पाणी आणि दीड तास.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर २० मिनिटं. नसेल तर जाड लोखंडी कढईत दोन बोटं मीठ, वर तिवई, घट्ट झाकण, दहा मिनिटं आधी तापवणं, मग मंद आचेवर २५ मिनिटं. आच खालून असल्याने वरची बाजू पांढरी राहते. शेवटची पाच मिनिटं पाव उलटा करा. हे काम ताईंचं, मुलं दाराबाहेर. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की झाला. गावात बेकरीची भट्टी असेल तर तिथेच तबक पाठवा, कढईचा खटाटोप कशाला? वर तीळ किंवा खसखस. ताटात पाव दोन ठेवतात आणि रुमालाने झाकतात. वाळवंटात ज्यूंच्या पूर्वजांना शुक्रवारी दुप्पट अन्न मिळालं, ही कथा त्यामागे आहे.

सुक्कोथ या ज्यू सणाचा मांडव अंगणात करायचा आहे. केळीची पानं आमच्याकडे फुकट मिळतात. चालतील? (रावेर)

नियमात बसतात, पण टिकत नाहीत. सुक्कोथ सात दिवसांचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात. छपराचं सामान जमिनीतून उगवलेलं आणि कापलेलं हवं. वेलाचा जिवंत मांडव चालत नाही, चटई किंवा ताडपत्रीही नाही. केळीचं पान दुसऱ्या दिवशी लोंबतं, तिसऱ्या दिवशी चिरफाळून खाली पडतं. दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा सरस. केळीची पानं भिंतींच्या शोभेला लावा.

चार बांबू पाच-पाच फुटांचे. जमीन खणायची नसेल तर तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्यांत ओला मुरूम ठोकून त्यात उभे करा. कोरडी वाळू नको, तिच्यात बांबू डुलतो. वर चार आडवे बांधा, मधे दोन काठ्या. भिंतींना जुन्या साड्या. निदान दोन पूर्ण आणि तिसरीचा तुकडा हवा. साडी खालूनही बांधा, नाहीतर वाऱ्याने शिडासारखी भरून मांडव ओढते. कडबा आदल्या दिवशी सोडून उन्हात झटका. गंजीत विंचू असतो. पात्यांची कड हाताला कापते, म्हणून मुलांना पाती काढलेली ताटं, म्हणजे नुसते धांडेच द्या. वर चढवणं मोठ्यांचं.

आता खरी मजा. नियम सांगतो की उन्हापेक्षा सावली जास्त हवी, तरी रात्री तारे दिसावेत. किती कडबा पुरे, हे ताईंनी सांगू नये. सकाळी अकराला मुलांना आत बसवा. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात. प्रत्येकाने एक धरून खडूने त्याची कड काढायची. खडूची घरं जास्त की मधली मोकळी जमीन, हे बघून ती स्वतःच म्हणतात, ‘अजून दोन ताटं टाका.’ मग दहा मिनिटं गाणं म्हणा आणि परत बघा. कवडसा रेघेबाहेर सरकलेला असतो. एखादं मूल शेजाऱ्यावर आळ घेतं की यानेच ढकलला. तिथे घाईने सूर्य समजावू नका. दुसरी रेघ काढू द्या, मग तिसरी. उन्हाने डाव्या-उजव्या कुठल्या बाजूला पाऊल टाकलं ते मुलं बोटाने दाखवतात. सूर्याचं नाव त्यांच्याच तोंडून यायला दोन दिवस लागले तरी चालतील.

परतीचा पाऊस आला तर ताडपत्री टाका, थांबला की काढा. पावसात मांडव सोडून घरात जायला ज्यूंनाही मुभा आहे.

हनुक्का या ज्यू सणाचा भोवरा पुठ्ठ्याचा केला, फिरतच नाही. (शिरपूर)

छिद्र मधोमध नाही. पाच सेंटिमीटरचा चौरस कापून दोन्ही कर्ण आखा, ते छेदतात तिथे टोचा. सात सेंटिमीटरची काडी घालून खाली दोनच सेंटिमीटर ठेवा. पुठ्ठा वर राहिला की भोवरा लवंडतो. वरखाली डिंकाचा थेंब, रात्रभर सुकू द्या.

चार कडांना चार हिब्रू अक्षरं: नून म्हणजे काही नाही, गिमेल म्हणजे सगळं घ्या, हे म्हणजे अर्धं, शिन म्हणजे एक टाका. मुलांसाठी शेजारी खुणा काढा: शून्य, भरलेलं ताट, अर्धी भाकरी, पुढे केलेला हात. थांबल्यावर जमिनीला टेकलेली कड धरायची, हे आधीच ठरवा, नाहीतर भांडणं. प्रत्येकी दहा सागरगोटे, डावाला एक मधे. चिंचोके नकोत, तीन वर्षांची मुलं ते नाकात घालतात. ‘अर्धं’ कळत नसेल तर ‘एक तुला, एक मधे’ असं वाटून दाखवा.

पालक विचारतात, हा धर्म शिकवणं नाही का? (नंदुरबार)

प्रार्थना म्हणून घेतल्यात, तर हो. ती ज्यू घरांची आहे, वर्गात तिचं नाटक करू नये. पाव, मांडव, भोवरा करावा आणि ‘ज्यू घरांत असं करतात’ एवढं सांगावं. मुलांना हे लोक कुठले परदेशी वाटू नयेत म्हणून एक गोष्ट जरूर सांगा: कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, मराठीच बोलतात, त्यांची आडनावं गावावरून ‘कर’ लागून झालेली. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचा मलिदा पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वेलची यांचा. तो एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मांडतात. वर्गात नुसते गोड पोहे करा, मलिदा म्हणू नका.

शब्बाथ संपताना हुंगायच्या मसाल्याच्या पुरचुंड्या केल्या, चार दिवसांत वास गेला. (भुसावळ)

अख्ख्या लवंगा मलमलीत बांधल्या असतील. वापरायच्या आधी पुरचुंडी पाट्यावर वरवंट्याने दोनदा दाबा, वास परत येतो. लवंग, दालचिनी, वेलदोडा वेगवेगळे बांधा आणि प्रत्येकाच्या दोन, म्हणजे डोळे झाकून जोड्या लावता येतील. एका डब्यात ठेवल्या तर सगळ्यांना लवंगेचाच वास लागतो, म्हणून झाकणाच्या वेगळ्या डब्या घ्या. खान्देशी काळा मसाला घालायचा मोह आवरा, त्यात मिरची असते.