उझी का घरमाशी? पट्ट्यांवर जाऊ नका

प्रश्न : एक एकर तुती आन छोटं शेड आहे. चालू बॅचला आत दोन-चार माशा दिसल्या, पाठीवर चार काळे पट्टे. चुलतभाऊ म्हणतो उझी, म्हणजे रेशीमअळीच्या जिवावर वाढणारी माशी, घरची म्हणते साधी घरमाशी. तुरीत अळ्यांवर पण तसलीच माशी दिसते. सगळ्या एकच का? ओळखायचं कसं?
– एक रेशीमवाले, ता. अंबड

उत्तर : दादा, पट्ट्यांवरच गडबड होते बघा, कारण चार पट्टे उझीला पण असतात आन घरमाशीला पण. तीन असले तर ती मांसमाशी, तिचं पोट बुद्धिबळाच्या पटासारखं काळं-करडं चौकटीचं, ती मेलेल्या अळ्यांच्या वासावर येते. घरमाशी सहा-सात मिलिमीटरची, उझी दहा-बारा, म्हणजे जवळपास दुप्पट, पोट मागं निमुळतं आन त्यावर राठ काळे केस, भिंगातून बघितलं की अंगावर काटे फुटल्यागत दिसतात.

पण खरं सांगू का, उडती माशी हेरत बसण्यापेक्षा रेशीमअळी बघा. उझी अळीच्या अंगावर पांढरं अंडं चिकटवते, खसखशीच्या दाण्याहून बारीक, दोन-तीन दिवसांत त्यातनं किडा निघून कातडीत शिरतो आन तिथं काळा डाग पडतो. घरमाशी हे करत नाही, म्हणून डाग दिसला की भावाचं खरं! रेशीमअळीच्या वाढीच्या पाच अवस्थांपैकी चौथ्या अवस्थेत लागण झाली तर अळी कोष न करताच मरते, पाचवीच्या शेवटी झाली तर कोष होतो पण किडा भोक पाडून बाहेर येतो, आन तसल्या कोषाचा धागा सलग निघत नाही. मग जालन्याच्या कोष बाजारात भाव काय मिळणार, सांगा.

आन कोषांच्या पोत्यात उझीचे किडे असले की माशी पोत्याबरोबरच फिरते. 1980 मध्ये ती बंगालमधून कर्नाटकात अशीच कोषांबरोबर पोचली. त्यामुळं दारं-खिडक्यांना नायलॉन जाळी लावाच, आन रॅकखालच्या भेगा बुजवा, किडे तिथंच लपून कोशात जातात.

तुरीतली माशी म्हणाल तर ती बहुतेक उझीच्याच टॅकिनिड खानदानातली (यांचे किडे दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढतात), पण घाटेअळीवर जगणारी, म्हणजे तुमच्या कामाची, तिला फवारून मारू नका. या खानदानातल्या बऱ्याच जाती इतक्या सारख्या दिसतात की तज्ज्ञ लोक पण बऱ्याचदा नराचे जननअवयव मायक्रोस्कोपखाली बघूनच नाव सांगतात, फोटोवरून कुणी छातीठोक नाव सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सोपी आयडिया सांगतो. डागवाली रेशीमअळी एका बरणीत आन तुरीतली अळी दुसऱ्या बरणीत, तळाला थोडी माती, तोंडाला मलमल बांधा. किडा बाहेर पडून तपकिरी कोशात गेला की उझी साधारण दहा-बारा दिवसांत निघते. बरणीवर अळीचं नाव आन तारीख लिहा, नाहीतर पंधरा दिवसांनी कुठली कुठं होती तेच कळत नाही (माझं झालंय असं). मग दोन्ही माशा शेजारी ठेवून वहिनींनाच बघायला सांगा.