टोर्नॅडो सगळ्यात जास्त कुठे होतात, आणि तिथेच का?

संख्येनेच मोजायचं तर उत्तर सरळ आहे: अमेरिका. तिथे वर्षाला साधारण १,२०० टोर्नॅडो होतात. दुसऱ्या क्रमांकावरच्या कॅनडात १०० च्या आसपास.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मराठीत टोर्नॅडो आणि समुद्री वादळ दोन्हींना सर्रास चक्रीवादळ म्हणतात. समुद्रावरचं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं, कित्येक दिवस टिकतं. टोर्नॅडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीला टेकलेला, गरगरणारा हवेचा खांब. बहुतेकांचं आयुष्य काही मिनिटांचंच.

टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या सपाट पट्ट्याला ‘टोर्नॅडो ॲली’ म्हणतात. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात, तिथून दमट हवा येते. पश्चिमेकडून रॉकी पर्वत ओलांडून आलेली कोरडी हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. मध्ये अडवायला एकही आडवी पर्वतरांग नाही. दुपारच्या उन्हाने झाकण फुटलं की पाहता पाहता ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. पण नुसत्या ढगाने भागत नाही. दोन तळहातांत पेन्सिल आडवी धरून हात उलटसुलट चोळा, ती जागच्या जागी फिरते. खालचा वारा मंद आणि वरचा जोराचा असला की मधली हवा अशीच आडवी फिरते आणि वर चढणारा झोत तिला उभी करतो.

मला मात्र ‘सर्वात जास्त’पेक्षा ‘सर्वात जीवघेणे’ हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा नकाशा वेगळा आहे. अमेरिकेतच मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी या भागात कितीतरी टोर्नॅडो रात्री येतात. अंधार, पाऊस, झाडी. समोर आला तरी दिसत नाही. कारखान्यात बांधून आणून ठेवलेली, वजनाला हलकी घरंही (‘मोबाइल होम’) तिथे खूप. २७ एप्रिल २०११ या एका दिवसात या पट्ट्यात ३०० हून अधिक माणसं गेली.

अर्जेंटिना, दक्षिण ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि युरोपातही टोर्नॅडो होतात. पण बांगलादेशचं नाव यादीत नेहमी राहून जातं, याचं मला वाईट वाटतं. पावसाळ्याआधी बंगालच्या उपसागराची दमट हवा आणि वायव्येची कोरडी हवा तिथे भिडतात. २६ एप्रिल १९८९ ला माणिकगंज जिल्ह्यात दौलतपूर-सातुरिया भागात आलेल्या टोर्नॅडोत सुमारे १,३०० लोक मेले. नोंदींमधला हा सर्वात प्राणघातक टोर्नॅडो. दाट वस्ती, तकलादू घरं, आणि छपरांचे उडालेले पत्रे सुऱ्यांसारखे माणसांवर आलेले.