गाडी ओरडते, पळत नाही: क्लच प्लेट बदलायच्या का?

प्रश्न : काका, माझी एक्सपल्स 200 मोटारसायकल आहे. रविवारी आम्ही पन्हाळ्याच्या बाजूला कच्च्या वाटांवर चालवतो. पावसात मागचं चाक लाल चिखलात रुतलं, बराच वेळ हाफ क्लचवर (लिव्हर अर्धवट दाबून) रेस देऊन गाडी काढली, तेव्हा करपल्याचा वास आला होता. नंतर ऑईल बदललं. घरात कारचं नवं ऑईल उरलं होतं, तेच घातलं. आता चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी सरकत नाही. सपाटीला ठीक वाटते. गॅरेजमध्ये सांगितलं, हाउसिंगसकट (प्लेटा ज्यात बसतात तो डबा) अख्खा क्लच बदला. गाडी जेमतेम नऊ हजार चालली आहे. इतक्यात प्लेट जातात का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जातात. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या क्लचचं आयुष्य किलोमीटरवर मोजूच नका. डांबरी रस्त्यावर हजारो किलोमीटर टिकणारा संच चिखलात दहा मिनिटं हाफ क्लच धरला की करपतो, कारण चाक अडलेलं, इंजिन फिरतंय आणि मधली सगळी ताकद प्लेटांमध्येच उष्णता होऊन मुरते. पण म्हणून लगेच पार्ट मागवू नका. तुमच्या पत्रात संशयित दोन आहेत, करपलेल्या प्लेट आणि कारचं ऑईल. तिसरा, लिव्हरची ढिल, तुम्ही तपासलेला दिसत नाही.

आधी तिसरा बघा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिमी ढिल, म्हणजे वायर ताणली जाण्याआधीची मोकळी हालचाल, हवी. पुष्कळांना वाटतं प्लेट झिजल्या की लिव्हर सैल पडतो. होतं उलटं. प्लेटांची थप्पी पातळ झाली की ही ढिल कमी होत जाते आणि वायर ताणलेली राहते. मग तुम्ही लिव्हर सोडला तरी प्लेटा एकमेकींवर पूर्ण दाबल्या जात नाहीत, क्लच घसरतो, आणि घसरून आणखी झिजतो. ढिल उरली नसेल तर आधी वायर सैल करा.

मग ऑईल. कारचं ऑईल या गाडीत घालू नका, हे मी कळकळीने सांगतो. आपल्या गाडीत क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लच तर घर्षणावरच चालतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (जासो हे जपानी मानक) लिहिलेलं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑईल घ्या. ‘एमबी’ स्कूटरसाठी असतं, ते नको. आताचं ऑईल काढताना पांढऱ्या कपड्यावर थोडं ओतून बघा. काळपट कण आणि करपट वास असेल तर प्लेट करपल्याचं उत्तर बरंचसं तिथेच मिळतं.

नवं ऑईल घालून, वायर लावून, इंजिन चांगलं तापल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये सावकाश चालवा आणि एकदम पूर्ण रेस द्या. इंजिनचा आवाज आणि वेग एकत्र वाढले तर क्लच धरतोय. आवाज उसळला आणि वेग तेवढाच राहिला तर प्लेट गेल्या. ही परीक्षा थंड इंजिनवर करू नका, थंड असताना झिजलेला क्लचही धरून दाखवतो. तुमचा वासाचा अनुभव पाहता माझा अंदाज प्लेट गेल्याचाच आहे.

उघडायची वेळ आली तर शेजारी उभे राहा आणि व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) मागा. अस्तराच्या (घर्षणाचा थर चढवलेल्या) प्रत्येक प्लेटची जाडी तीन-चार जागी मोजायची आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडायची. नव्या आणि बाद प्लेटमध्ये फरक साधारण 0.2-0.3 मिमीचाच असतो, नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. जाडी भरली तरी अस्तर काळं, काचेसारखं गुळगुळीत झालं असेल तर ती बदलाच. पोलादी प्लेटवर निळी-जांभळी झाक म्हणजे ती तापली आहे. ती सपाट काचेवर ठेवा. खालून 0.2 मिमीची फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकली तर प्लेट वाकली, काढून टाका. वाकलेल्या प्लेटने लिव्हर दाबूनही गाडी पुढे ओढते आणि न्यूट्रल सापडत नाही. स्प्रिंगांची लांबीही मोजा, तापलेल्या स्प्रिंगा आखडतात.

हाउसिंगबद्दल मात्र मी गॅरेजशी सहमत नाही, निदान न बघता तरी नाही. त्याच्या बोटांवर (कडेच्या उभ्या पट्ट्यांवर) प्लेटांच्या बाहेर आलेल्या कानांनी खोल खाचा पाडल्या असतील तरच बदला. बारीक खाचा कानशीने हलक्या हाताने साफ होतात. तुमची तक्रार घसरण्याची आहे, खाचांत प्लेटा अडकण्याची नाही, म्हणून ते बहुधा चांगलं निघेल.

नव्या अस्तराच्या प्लेटा रात्रभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून मगच बसवा, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला करपतात. कव्हरचं पॅकिंग नवं घ्या. पहिले शंभर-एक किलोमीटर सपाटीवर काढा आणि मग लिव्हरची ढिल पुन्हा एकदा बघा.