९४ वर्षं जगल्या, मग मला एवढं रडू का येतं?

गेल्या वर्षभरात एकच वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! कुणाची आजी गेलेली असते, कुणाचे थोरले काका, कुणाची आत्या. वय नव्वदीच्या पुढे. फार आजारपण नाही, हाल नाहीत. समोर बसलेला माणूस डोळे पुसत जवळजवळ माफी मागतो. "मॅडम, वय झालंच होतं हो. कधीतरी हे होणार, ते कळत होतं. तरी मला असं का होतंय?"

या सगळ्यांना एकदम उत्तर द्यावं म्हणून त्यांच्यापैकी एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई पन्नाशीच्या, हिशेबाचं काम करणाऱ्या, बोलण्यात नेमक्या. आत्या जाऊन चार महिने झाले होते. आल्या त्या कागदांची गुंडाळी घेऊन. आत्या ज्या वस्तीत राहत होत्या तिथले लोक त्यांच्या वाढदिवशी जमणार होते, आणि सर्वांत जवळचं माणूस म्हणून बाईंनी बोलावं असा निरोप आला होता. सहा वेळा लिहून फाडलं होतं. "मला दुसरं काही नको, हे भाषण तेवढं जमवायचंय," असं त्यांनी बसताबसताच सांगून टाकलं.

मी म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं. सेवाभावी वृत्ती, निरपेक्ष प्रेम, वस्तीसाठी वाहिलेलं आयुष्य.

"यात तुम्हाला तुमची आत्या दिसते का?"

बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. "नाही. हे कुणाच्याही फोटोखाली चालेल."

मग त्या जे बोलल्या त्यात आत्या दिसल्या. तळ्याकाठची ४५ घरांची वस्ती. आत्यांचं सगळं आयुष्य तिथेच गेलं. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. रात्री झोपण्याआधी ओसरीवर उभं राहून तळ्याभोवतीच्या घरांचे दिवे मोजायच्या. एखादा दिवा लागलेला नसला की सकाळी पहिली फेरी त्या घरी. वस्तीचं सांडपाणी तळ्यात सोडायचं घाटत होतं तेव्हा त्या दारोदार फिरल्या. सांडपाण्यातल्या नत्राने आणि स्फुरदाने पाण्यात शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात, हे त्यांनी कुणाकडून तरी नीट समजून घेतलं आणि प्रत्येक उंबऱ्यावर बसून आपल्या शब्दांत सांगितलं. नाला दुसरीकडे वळवला गेला.

"आणि तुम्ही? आत्या गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

"तिसऱ्या दिवशी कामावर गेले. कोण म्हणालं, आत्याच ना? कोण म्हणालं, ९४ म्हणजे सोनंच झालं की. मीही हो म्हटलं."

इथे थोडं थांबते, कारण बहुतेकांची गाठ इथेच बसलेली असते. आईवडील, नवरा-बायको, मूल गेलं तर लोक रडायला जागा देतात. आत्या, मित्र, शेजारीण, जुना गुरू गेला की ती जागा आखडते. त्यात वय जास्त असलं की उरलीसुरलीही जाते. अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तकच काढलं. समाज ज्याचा हक्क मान्य करत नाही ते दुःख, असा त्यांच्या मांडणीचा अर्थ. दुःख तेवढंच असतं, ते करायची परवानगी मात्र मिळत नाही. आणि वयाचा हिशेब तर मला कधीच पटलेला नाही. माणूस ९४ वर्षं जगलं म्हणजे तुमच्या आयुष्यातली ५० वर्षं ते तिथे होतं. तुमचा एकही दिवस त्याच्याशिवाय गेलेला नव्हता. मग ते गेल्यावर पोकळी लहान कशी असेल?

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. पण भाषण हलेना. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत मला कळत होतं की अजून काहीतरी आत अडकलेलं आहे.

ते बाहेर आलं ते रागातून. आत्या गेल्या त्या दिवशी वस्तीतले लोक एकेक करून बाईंपाशी आले होते, आणि प्रत्येकाकडे आत्यांची एक गोष्ट होती. माझ्या बाळंतपणात रात्रभर बसल्या. माझ्या मुलाला त्यांनीच पोहायला शिकवलं. माझा दिवा लागला नाही म्हणून पहाटे आल्या आणि मी वाचलो.

"मी ऐकत बसले. आणि मनात काय आलं, सांगू? हिने सगळं यांना देऊन टाकलं. ती सगळ्यांची होती, माझी कुठे होती? एवढ्या चांगल्या बाईबद्दल मी असा विचार करते. मी काय भाषण करणार?"

सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसांच्या जवळच्यांना हे दुःख हमखास असतं, आणि ते कुणीच बोलत नाही. असूया वाटते, तिची लाज वाटते आणि लाजेपोटी आठवणीसुद्धा कुलपात जातात. म्हणून मी त्यांची समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, "ज्यात बाकी कुणीच नव्हतं, तुम्ही दोघीच होतात, असं काय होतं?"

"पायऱ्या," त्या लगेच म्हणाल्या. विचार न करता.

पुढच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या. हिशेबाची असते तशी लांबट वही, कापडी पट्टीने शिवलेला कणा, सगळं पेन्सिलीत. ओल्या हाताने शाई पसरते म्हणून आत्या पेन वापरत नसत. रोज सकाळी तळ्यावर उतरायचं, घाटाच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत ते मोजायचं आणि लिहायचं. तारीख. कोरड्या पायऱ्या ११. तारीख. कोरड्या पायऱ्या ११. अशा वह्यांचा ढीग होता. सुट्टीत भाची आली की मोजायचं आणि लिहायचं काम भाचीचं. लहानपणी तिचा ६ उलटा पडायचा आणि ३ सारखा दिसायचा. आत्या तो खोडत नसत. शेजारी बारीक अक्षरात 'सहा' असं लिहून ठेवत. पुढे सुट्ट्या आखडल्या, वर्षातून दोनच दिवस जाणं व्हायचं, तरी त्या दोन दिवसांची ओळ भाचीने लिहायची हे ठरलेलं.

आणलेली वही शेवटच्या वर्षाची होती. बाईंनी खूण घातलेलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. एका तारखेपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"त्या दिवशी मी जाणार होते. कामामुळे रद्द केलं, तेही उशिरा कळवलं. बघा, तिने तारीख घालून ठेवली होती. वाट बघत बसली असेल." आणि मग चार महिन्यांत पहिल्यांदा त्या मोकळेपणी रडल्या.

माझ्याकडे क्षमेबद्दलचं एक चांगलं वाक्य तयार होतं. मी ते बोलले नाही. इतक्या वर्षांत मी काही कमावलं असेल तर ते हेच, की अशा वेळी आपलं शहाणपण आपल्यापाशी ठेवता येतं. त्या शांत झाल्यावर मी म्हटलं, "खालची ओळ वाचता?"

"कोरड्या पायऱ्या १४." मग त्याखालची. "१४." मग पुढची. त्या वाचत गेल्या. बोट पानावरून खाली सरकत होतं. मग त्यांनी मागची पानं उलटली, पुन्हा पुढे आल्या. हिशेब तपासणाऱ्या बाईचीच नजर ती.

"अख्ख्या वहीत दुसरी कोरी ओळ नाही," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "नंतर तिला भरता आली असती. तिने भरली नाही. माझी होती म्हणून." आणि थोड्या वेळाने, "४५ घरांत कुणासाठी तिने ओळ कोरी ठेवली नव्हती."

आत्यांच्या मनात काय होतं हे आम्हा दोघींना कळणं शक्य नाही. त्या दिवशी पाय दुखत असतील, उतरवलं नसेल, असंही असू शकेल. मी ते बोलूनही दाखवलं. बाईंनी मान हलवली. "असेल. पण ती मला ओळखत होती आणि मी तिला," एवढंच म्हणाल्या. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

दुःखातून सुटायचं म्हणजे गेलेल्या माणसापासून मन सोडवून घ्यायचं, ही समजूत जुनी आहे. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९१७ च्या निबंधात जवळपास तशीच मांडणी केली होती. पण १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी गेली, आणि १९२९ मध्ये, ती असती तर ज्या दिवशी ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्यांनी एका मित्राला कळवलं की अशी जागा कधी भरत नाही आणि ती तशीच राहावी हेच बरोबर आहे. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी तर ठामपणे मांडलं की नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. मी याच बाजूची आहे, हे लपवत नाही. "विसरा आता" असं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

म्हणून तुम्हीही याच वळणावर असाल तर आधी त्या माणसाचा मोठेपणा बाजूला ठेवा. तो सांगायला बाकीचे आहेत. तुम्हा दोघांतलीच एखादी किरकोळ गोष्ट शोधा. एखादा ठरलेला शब्द, रोजचं काम, हाक मारायची पद्धत. ती कागदावर उतरवा, जमलं तर हाताने. राग येत असेल तर तोही लिहा, रागाने प्रेम खोटं ठरत नाही. एखाद्या दिवशी रडू यावं आणि दुसऱ्या दिवशी कामात आत्या आठवूही नये, यात काही बिघडलेलं नाही. दुःखाची ये-जा अशीच असते. नकार, राग वगैरे पाच टप्पे ओळीने येतात असं ऐकून काही जण स्वतःची परीक्षा घेत बसतात. ते टप्पे मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचं ते वेळापत्रक नव्हे.

एका बाबतीत मात्र चालढकल नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिने आणि अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत प्रौढांसाठी एक वर्ष, अशी मुदत दिलेली आहे. तेवढ्या काळानंतरही ओढ तसूभर कमी होत नसेल आणि जेवण, झोप, काम काहीच रुळावर येत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. आणि जगणंच नको वाटत असेल तर महिने मोजू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

बाईंचं भाषण झालं. पाच मिनिटांचं. त्यांनी उलट्या ६ ची गोष्ट सांगितली आणि वहीतल्या एका आठवड्याच्या ओळी वाचून दाखवल्या. लोक हसले, मग गप्प झाले, असं त्यांनी मला नंतर फोनवर सांगितलं. त्या सकाळी त्या एकट्याच तळ्यावर उतरल्या होत्या. कोरी ओळ त्यांनी तशीच ठेवली. शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि पेन्सिलीने लिहिलं, कोरड्या पायऱ्या १६. ६ सरळ पडला होता. तरी शेजारी बारीक अक्षरात त्यांनी 'सोळा' असं लिहिलं.