हॉकी विश्वचषक : पदकाची आशा किती?

प्रश्न : ऑगस्ट २०२६ च्या पुरुष हॉकी विश्वचषकात भारताला पदक मिळेल का? १९७५ नंतर ते मिळालेलंच नाही.

उत्तर : आशा आहे, पण सगळं पेनल्टी कॉर्नरवर (समोरच्या संघाने बचावात नियम मोडला की मिळणारी गोलची संधी) अडलंय. पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकट्या हरमनप्रीतने १० गोल केले; तेवढा हुकमी दुसरा ड्रॅगफ्लिकर (कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत गोलकडे भिरकावणारा) नाही. कॉर्नरला गोलखांबापासून किमान १० मीटरवरून ढकललेला चेंडू थांबवताना स्टिकवरून जरा उसळला, की धावत आलेला बचावपटू अंगावर पोचतोच. दुसरी दुखरी जागा आघाडी टिकवण्याची. २०२३ च्या विश्वचषकात भुवनेश्वरात न्यूझीलंडविरुद्ध ३-१ चं ३-३ झालं आणि शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर एकेक खेळाडू विरुद्ध गोलरक्षक) घरचा रस्ता धरला (घरीच होतो म्हणा!). शूटआउटमध्ये गोल करायला २३ मीटर रेषेपासून ८ सेकंदच मिळतात आणि आता गोलरक्षक म्हणून श्रीजेश नाही.