बरा दिसतोय, मग गोळ्या बंद करू का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आमचा बंड्या लॅब्रडॉर आहे, ५ वर्षांचा, २८ किलो. मागच्या रविवारी रात्री फरशीवर लाल थेंब दिसले, वाटलं पाय कापला असेल, बघते तर एका नाकपुडीतून रक्त. त्याआधी दोन दिवस जेवत नव्हता, अंग तापलेलं म्हणून मी आपलीच पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती, ते आठवून माझेच हातपाय गार पडले. रात्रीच दवाखाना गाठला, प्लेटलेट १८ हजार निघाल्या, टिक फीवर, म्हणजे गोचिडातून होणारा ताप, म्हणाले. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस सांगितलंय. आज पाचवा दिवस, चपातीसाठी मागे मागे फिरतोय, पण गोळी दिली की तासाभरात उलटी. सासूबाई म्हणतात बरा झालाय तर कशाला कोंबता औषधं. बंद करू का? आणि माझ्या गोळीमुळे रक्त आलं का? अंगावर तर एकच गोचीड सापडला होता.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बंद अजिबात करू नका. या औषधाने दोन दिवसांत कुत्रं उठून बसतं आणि हीच तर गोची आहे (गोचिडाची गोची म्हणा हवं तर). ताप उतरला तरी या आजाराचे जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लपून राहतात, कोर्स अर्धवट सोडला तर काही महिन्यांनी आजार परत उलटतो आणि मग अस्थिमज्जेतच रक्त बनायचं थांबलं तर माझ्यासारख्याच्या हातातही फार काही उरत नाही. सासूबाईंना हे एवढंच सांगा, माझं नाव घेऊन सांगा.

उलटीचं बघू. गोळी कशातून देताय? बहुतेक घरांत दहीभात किंवा पेढा असतो, नाहीतर रिकाम्या पोटी घशात ढकलतात. दूध-दही नको, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध नीट लागू पडत नाही. आधी अर्धं जेवण द्या, मग उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात किंवा चपातीच्या घासात गोळी, वर उरलेलं जेवण आणि पाणी. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. एवढं करूनही उलटी थांबली नाही तर तुमच्या डॉक्टरांना फोन करा, ते डोस दोनदा वाटून देतील किंवा पोटासाठी काहीतरी देतील, स्वतःहून कमी करू नका.

रक्त आलं ते प्लेटलेट घसरल्याने, दीड-दोन लाखांच्या वर असायला हव्यात तिथे १८ हजार होत्या. २८ किलोच्या कुत्र्याला अर्धी पॅरासिटामॉल एकदा गेली, निभावलं, स्वतःला खात बसू नका. पण यापुढे आपल्या डब्यातली एकही गोळी नको. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन दिली असती तर मी इतक्या शांतपणे लिहिलं नसतं, त्याने पोटात रक्तस्राव होतो.

प्लेटलेट वर येईपर्यंत हाडं, दोरीची खेचाखेची, सोफ्यावरून उड्या बंद. रोज सकाळी ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा, पांढरी होऊन दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. हिरड्या फिकट दिसल्या, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले किंवा लघवी कॉफीसारखी झाली तर तसेच निघा. कॉफीसारखी लघवी म्हणजे बबेसिया (रक्तातल्या लाल पेशी फोडणारा परजीवी) असू शकतो, तो याच गोचिडांतून येतो आणि त्यावर नुसती डॉक्सी पुरत नाही. परत नाकातून रक्त आलं तर नाकात कापूस खुपसू नका, त्याला शांत बसवा, नाकाच्या वरच्या भागावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा आणि रिक्षा बोलवा.

आता तो 'एकच' गोचीड. अंगावर एक दिसला म्हणजे घरात बाकीचे आहेत असं धरून चाला. मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, भिंतीवर चढते आणि एखाद्या फटीत हजारावर अंडी घालते. खिडकीच्या चौकटी, पडद्याच्या वरची पट्टी, पलंगाचे सांधे, बंड्याच्या गादीची शिवण, सगळं टॉर्च घेऊन बघा. फवारणी एकदा करून भागत नाही, काही आठवड्यांनी परत करावी लागते, त्या वेळी बंड्या बाहेर हवा. त्याच्यावर कान, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखाली आणि शेपटीखाली शोधा. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल ओतू नका आणि नखाने चिरडू तर अजिबात नका. गोचिडाची महिन्याची गोळी कधी सुरू करायची ते पुढच्या रक्ततपासणीला जाल तेव्हा विचारा.